चौकाकडच्या खिडक्या

"हे प्लायवूड कुणी ठोकलं?" राजवर्धन शिर्के दारातूनच ओरडला.

सोसायटीचा सेक्रेटरी गोटीराम चौथ्या मजल्यावरच्या आपल्या घरात पेपर वाचत होता. त्याने तो शांतपणे घडी करून ठेवला. "डास लय झाले, साहेब."

"चौथ्या मजल्यावर डास? मूर्ख समजता का मला?"

सानपाड्याची ही इमारत आर्किटेक्ट राजवर्धननेच आखलेली. मधोमध उघडा चौक, आणि प्रत्येक घराची एक खिडकी त्या चौकात. खाडीवरचा वारा बाहेरून यायचा, घरातली गरम हवा चौकातून वर निघून जायची. ना एसी, ना जास्तीचं बिल. १९९६ साली असल्या वेडाला कोण विचारतो? पण उद्या सकाळी वास्तुरचनेच्या पारितोषिकाचे परीक्षक ही इमारत बघायला येणार होते. आणि महिनाभर दिल्लीचं काम उरकून राजवर्धन परतला, तर वरच्या मजल्यांवर चौकाकडच्या सगळ्या खिडक्यांना प्लायवूड!

तो घरोघर गेला. वरच्या बयाबाईंनी धूळ सांगितली, अरुणाताईंनी मांजर. नजरेला नजर कुणी देईना. त्याच्या तळपायाची आग मस्तकात गेली. याच लोकांना त्याने गच्चीवर नेऊन वारा समजावला होता. माना डोलवून फुकटचा चहा प्यायले होते, कृतघ्न कुठले!

तळमजल्यावरच्या आपल्या घरात येऊन, रोजच्यासारखा चौकाच्या खिडकीशी बसून त्याने सॅक्सोफोन उचलला. संध्याकाळी जॅझ वाजवल्याशिवाय त्याला जेवण जात नसे. इथे त्याबद्दल कुणी कधी ब्र काढला नव्हता, एवढं एकच सुख. आज मात्र सूर लागेना.

बायकोने, विजयमालाने, चहा पुढे केला. "जाऊ द्या हो. तुम्ही वाजवा निवांत."

"निवांत? उद्या तोंड कुठे लपवू?"

हातोडी घेऊन तो तडक बयाबाईंकडे गेला. पाठोपाठ आलेला गोटीराम खिडकीला पाठ लावून उभा राहिला.

"हात लावू नका, साहेब."

"हा उद्योग कुणाचा, ते सांगा. त्याला मी सोडणार नाही!"

बयाबाईंनी मान खाली घातली.

"आमी सगळे तुमचा बाजा बंद करायला निघालो होतो, साहेब," गोटीराम म्हणाला. "वहिनींनी घरोघर पदर पसरला, म्हनाल्या, त्यांचा बाजा राहू द्या, खिडक्या मी बंद करून देते."