वाफेचं काम

"आणि ही वाफ नेमकी येते कुठून?" ऑपरेशनच्या टेबलावर आडव्या पडलेल्या खुर्चीवाल्याने मान उचलून विचारलं.

कंबरेखालचं अंग बधिर केलं होतं, जीभ शाबूत होती. वाफ म्हणजे त्याच्या घरचा मामला. उभा जन्म त्याने लाकूड वाफेच्या पेटीत मऊ करून गोल पाठीच्या खुर्च्या केल्या. आज तीच वाफ त्याच्या प्रोस्टेटला मिळणार म्हटल्यावर तो गप्प बसतोय होय!

"ह्या दांड्यातून, काका," डॉक्टरीण म्हणाली. "टोकाला बारीक सुई आहे. वाढलेल्या भागात वाफ सोडली की तो मरतो, आकसतो. मग लघवीची वाट मोकळी."

"साध्या पाण्याची वाफ?"

"साध्या पाण्याची."

"बघा! चहाच्या किटलीला आजवर कुणी एवढा मान दिला नसेल."

सुई खटकन वाजली. त्याने ओठ आवळले, पण आतलं चित्र दाखवणाऱ्या पडद्यावरची नजर काही हलवली नाही. स्वतःच्या आतला कारखाना बघायला मिळतो का रोज रोज!

काम आटोपलं. पलीकडच्या खोलीत खाटेवर पडल्या पडल्या त्याने बायकोला फर्मान सोडलं, "रविवारच्या बसची तिकिटं काढ. लेकीला मी कालच कळवलंय."

लेकीला मुलगी होऊन तीन महिने झाले, तरी आजोबांनी नातीचं तोंड पाहिलं नव्हतं. लेकीच्या गावची बस वाटेत थांबत नसे आणि ह्याला तर घटकेघटकेला लघवीला उतरावं लागे.

"रविवारी? छे हो काका," मागून आलेली डॉक्टरीण म्हणाली. "आधी सूज येईल. काही दिवस लघवीची ही नळी राहील. खरा फरक पडायला महिना-दोन महिने तरी जातील."

खुर्चीवाल्याचा चेहरा खर्रकन उतरला. "दोन महिने? अहो, माझं लाकूड पेटीतून काढलं की लगेच वाकतं! ही कसली तुमची वाफ?" त्याला अगदी रडू यायचं बाकी होतं.

"वाकतं ना?" बायको म्हणाली. "मग?"

"मग काय! साच्यात आवळून ठेवायचं."

"आणि जावईबापूंनी हौसेनं साचा सोडायला हात घातला, तेव्हा केवढे खेकसलात त्यांच्यावर!"

"खेकसणारच! सुकायच्या आत सोडलं तर लाकूड परत सरळ होतं. सगळी मेहनत..."

तो मध्येच थांबला. मांडीला चिकटपट्टीने बांधलेल्या नळीकडे बघत राहिला.

तेवढ्यात लेकीचा फोन आला. "बाबा रविवारी येताहेत ना?" मागे बाळ टाहो फोडत होतं. बायकोने फोन त्याच्या तोंडाशी धरला.

त्याने ते रडणं मन भरून ऐकून घेतलं.

"बाळाला सांग," तो म्हणाला, "आजोबा साच्यात आहेत. सुकले की येतात."