चपला गेल्या, पीडा गेली

धर्माच्या नव्या गाडीत डिझेलचा एवढा वास यायचा, की त्याची बायको कमळ खिडकीबाहेर तोंड काढून बसायची. ट्रकच्या धंद्यात केस पांढरे केलेला धर्मा सांगेल ते शेवटचं! "टाकी गळतेय," म्हणत त्याने गॅरेजवाल्या पुतण्याला, केतनला, दोनदा गाडी खोलायला लावली. काहीच सापडलं नाही, तेव्हा चारचौघांत झापलंही, "तुला नाक हाय का न्हाय?" केतनने बोलणंच टाकलं.

शेवटी धर्माने चौलच्या देवाला साकडं घातलं. दर्शन घेऊन बाहेर येतो, तर पायरीवरच्या चपला गायब.

"जाऊ द्या," कमळ म्हणाली. "देवळातून चपला गेल्या म्हंजे पीडा गेली."

धर्मा अनवाणीच गाडी चालवू लागला. रेवदंडा आलं, काचा बंद, तरी वासाचं नाव नाही. त्याने स्टिअरिंगवरूनच हात जोडले. "बघ, देव पावला!"

कमळ त्याच्या उघड्या पायांकडे बघतच राहिली.

"अवो, रोज ट्रकमध्ये डिझेल भरताना त्याच चपला असायच्या ना पायात? आता केतनला जाऊन सांगा, नाक कोणाला न्हाय ते."