जुने तेल

दारू सोडल्यानंतर मनिषने हाती घेतलेले हे पहिलेच काम, आणि तेही वडिलांच्या, केवळरामांच्या, रोजच्या गाडीचे. इंजिनाला हवा पुरवणाऱ्या टर्बोतून तेल गळत होते; तो उघडून त्याने नव्या सीलांसह पुन्हा बांधला होता. गाडी सुरू होताच मागे निळ्या धुराचा लोट उसळला.

"नाही जमलं ना तुले?" केवळरामांचा चेहरा उतरला.

"बाबूजी, टर्बो आता गळत नाही. सायलेन्सरमध्ये साचलेलं जुनं तेल जळून राहिलं. मोहाडीपर्यंत चालवा, मंग बोला."

मोहाडी आली तेव्हा आरशात नुसते धानाचे हिरवेपण उरले होते. केवळरामांनी काच उतरवून हवा हुंगली.

त्या संध्याकाळी, रोज दारातच मुलाचे तोंड हुंगणारे केवळराम आतूनच म्हणाले, "हात धू लवकर, भात निवून राहिला."