पेंग्विन आणि ध्रुव तारा

‘...काम आटपलं की मी रोज रात्री डेकवर येतो. काल बर्फावर पेंग्विन दिसले, शाळेची घंटा व्हायची वाट बघत असल्यासारखे ओळीनं उभे. मग वर बघितलं तर ध्रुव तारा. तूही त्याच्याकडेच बघत असशील म्हणून बराच वेळ उभा राहिलो.’

ठमीनं पत्राची घडी घातली आणि टॉर्च विझवला. गच्चीवरची बाकीची पोरं हेव्यानं तिच्याकडे बघत होती. त्यांच्यापैकी कुणाच्याच बाबांना पेंग्विन दिसत नव्हते.

चष्मेवाल्याला मात्र त्यात काहीतरी खटकलं.

खाली त्याचं दुकान, वर गच्ची. आठवडाभर लोकांच्या डोळ्यांचे नंबर काढायचे आणि शनिवारी, स्वतः आरसा घासून केलेल्या दुर्बिणीतून, पोरांना आकाश दाखवायचं हा त्याचा बारा वर्षांचा नेम. आज नेमका ध्रुवाचाच पाठ होता. बर्फातले पेंग्विन पृथ्वीच्या दक्षिण टोकाला, ध्रुव पार उत्तरेला. विषुववृत्त ओलांडलं की तो क्षितिजाखाली बुडतो. दोन्ही एकाच माणसाला एकाच रात्री दिसायचे, तर त्याची मान पृथ्वीएवढी लांब हवी.

“काका, आज ध्रुव तारा ना?” ठमीनं विचारलं.

“आज तिकडे ढग आहेत.”

पोरांनी उत्तरेकडे बघितलं. आकाश धुतलेल्या काचेसारखं लख्ख होतं.

“आज गुरू बघू,” तो घाईघाईनं म्हणाला. “चला, रांग लावा.”

ठमीनं नेहमीसारखं मागे वळून आजीला पुढे ओढलं. “आधी आजी!”

तिची आई दवाखान्यात रात्रपाळीला असायची, म्हणून आजी तिला घेऊन यायची. ठमीचा बाप म्हणजे आजीचा मुलगा, दोन वर्षांपूर्वी जहाजावर गेलेला. त्याची पत्रं कंपनीच्या ऑफिसात यायची, तिथून आजीच आणायची. ती दुर्बिणीला डोळा लावून जेमतेम दोन श्वास उभी राहायची आणि मग कोपऱ्यात बसून वहीत लिहीत सुटायची. म्हातारपणी शिकायची एवढी हौस चष्मेवाल्यानं पाहिली नव्हती.

त्या रात्री त्याला झोप लागली नाही. हा माणूस दक्षिणेला नाही, तर आहे कुठे? कुठल्या तरी बंदरात दुसरा संसार थाटून बसला असेल, तर? बापाचं खोटं पोरीला कळायचं तेव्हा कळेल. पण ते आपल्या दुर्बिणीतून कळायला नको.

सोमवारी आजी दुकानात आली. जवळचं नीट दिसत नव्हतं.

“जवळचं काम फार करता का, मावशी?”

“शिवण, दुसरं काय!”

तिच्या बोटाला सुई टोचल्याची खूण नव्हती, निळ्या शाईचा डाग होता. वहीचा असेल, त्याला वाटलं. त्यानं तिच्या नाकावर तपासणीची चौकट बसवली. समोरच्याचे डोळे काचांमागे असले, की बोलणं सोपं जातं.

“राग मानू नका. तुमचा मुलगा म्हणतो तिथून ध्रुव तारा दिसतच नाही.”

त्यानं काच बदलली. “आता स्पष्ट?”

“स्पष्ट.” आजी म्हणाली, “पहिल्यापासून धांदरटच आहे तो. भलताच तारा बघून आला असेल. मग तिकडे दिसतं तरी काय?”

ती रडेल अशी त्याला भीती होती आणि आला तो प्रश्न. छंदिष्ट माणसाला त्याच्या छंदाबद्दल विचारणं म्हणजे उतारावर सायकल सोडणं. बाहेर दोन गिऱ्हाइकं ताटकळली, आत आजी पिशवीतली वही काढून लिहायला लागली. मृग तिकडे डोकं खाली, पाय वर असा उलटा दिसतो. आपल्याकडे त्याच्या पायाशी बसणारा व्याध तिकडे वर चढून बसतो. आणि ध्रुवासारखा ठळक खुणेचा तारा दक्षिणेला नाहीच.

आजीचं पेन थांबलं. “नाहीच? ती जागा रिकामी?”

“जवळपास रिकामीच. खलाशी त्रिशंकूच्या चार ताऱ्यांवरून दक्षिणेचा अंदाज घेतात.”

“कळवते त्याला,” वही मिटत आजी म्हणाली. “म्हणावं, नीट बघून लिहीत जा.”

महिन्याभरानं पत्र आलं. ठमीनं गच्चीवर वाचलं.

‘मागच्या वेळी बाबाची चूक झाली, ठमे. तो ध्रुव नव्हताच. इथे त्याच्यासारखा कुणीच नाही, दक्षिणेची जागा रिकामी आहे. पहिल्यांदा भीती वाटली. मग त्रिशंकू सापडला. खुणेचा तारा नसला तरी दिशा सापडते, फक्त जरा जास्त वेळ बघत राहावं लागतं. आणि मृग इथे शीर्षासन करतो, अंथरुणावर तू करतेस तसंच.’

पोरं हसली. चष्मेवाल्यानं उगीचच आपला चष्मा पुसला. दुसऱ्या संसाराची शंका आठवून त्याला लाज वाटली. त्या रात्री स्वप्नात तो त्या डेकवर होता. वर उलटा मृग टांगलेला, समुद्र काळा आणि शांत, आणि शेजारी कठड्याला टेकून कुणीतरी उभं. त्यानं पुष्कळ प्रयत्न केला, पण त्या माणसाचा चेहरा काही दिसला नाही.

पुढच्या शनिवारी त्यानं दुर्बीण चंद्रावर लावली. ठमी एकटीच धावत वर आली.

“ये ठमे! आज पहिला नंबर तुझा. तुझ्या बाबांनी माझ्या मनावरचं ओझं उतरवलं.”

ठमीनं जिन्यात डोकावून बघितलं. आजीची पावलं अजून एक मजला खाली होती. ती त्याच्या अगदी जवळ आली आणि कुजबुजली,

“नको काका, आधी आजीला दाखवा. आणि तिकडचा चंद्र कसा दिसतो तेही सांगा तिला, पण मी सांगितलं म्हणू नका. पुढच्या पत्रात चंद्र घालायचाय. काल तिनं तीन कागद लिहून फाडले.”