रिकाम्या टाकीची ओल

धाराशिवबाहेरच्या धावपट्टीवर राजेश्वरी शिकाऊ वैमानिकांची विमानं तपासायची. उद्या सकाळी कुलदीप पहिल्यांदाच एकटा उडणार होता, आणि नेमकी त्याच्याच विमानाच्या पंखाखाली, पत्रे जोडणाऱ्या एका रिव्हेटभोवती, इंधनाची निळसर ओल दिसत होती.

तिनं ती पुसून घेतली, वर पांढरी पावडर लावली आणि वाट बघत बसली. ओल किती वेगानं पसरते, त्यावरून गळतीचं गांभीर्य ठरतं. पावडर बघता बघता भिजली.

"माणिकप्पा, पंखातली टाकी रिकामी करा," ती म्हणाली.

म्हाताऱ्या मेकॅनिकनं टाकी उपसली आणि दुपारभर उन्हात वाळू दिली. तिनं पुन्हा पावडर लावली. ती पुन्हा भिजली.

"आत थेंब न्हाय, ताई," माणिकप्पा हळूच म्हणाला. "मग गळतंय काय?"

तिनं बोट हुंगलं. पेट्रोलचाच वास होता.

"काही का असंना. उद्या हे विमान उडायचं नाही."

पण तिला राहवेना. पंखावर वाकून तिनं टाकीचं झाकण उघडलं. तोंड इतकं अरुंद, की हात मनगटापुढं जात नव्हता. तिनं लांब दांडीचा आरसा आणि बॅटरी आत सोडली. तळ ठणठणीत कोरडा होता. मग तिनं आरसा त्या रिव्हेटकडं वळवला.

रिव्हेटभोवती आतूनही पांढरी पावडर लावलेली होती. बोटानं गोल, निगुतीनं. लावून कुणी वाट बघत बसावं तशी.

"काय दिसतंय, ताई?" माणिकप्पानं खालून विचारलं.

तिनं आरसा आणखी जवळ नेला. आतली पावडर तिच्या डोळ्यांदेखत ओली होत होती.