आठवं पान

सातव्या पानाच्या तळाशी गोष्टीतली हेदवीची सावनी पेनल्टी अडवायला गोलात उभी राहिली. करुणानं पान उलटलं, तर पाठीमागे बूट धुऊन वाळवायची रीत.

तिनं दुसरा अंक उचलला, मग तिसरा. पाचशेच्या पाचशे अंक तसेच. मोठ्या कागदाच्या एका अंगाला आठ पानं आणि दुसऱ्या अंगाला आठ अशी बसवावी लागतात, की घडी घातल्यावर ती ओळीनं यावीत. मागची आठ तिनं उलट्या क्रमानं बसवली होती. बारा वर्षं प्रेसमध्ये लग्नपत्रिका आणि आंब्याच्या पेट्यांची लेबलं मांडणाऱ्या बाईला सोळा पानांचा अंक लावायची वेळ आलीच कधी होती?

‘शिट्टी’ हे मुलांसाठी फुटबॉलचं मासिक तिच्या डोक्यातून निघालं होतं. तिचे वडील पोफळीच्या वीजघरात नोकरीला होते आणि कॉलनीच्या मैदानावर ती पोरांच्या बरोबरीनं खेळली होती. त्या वयात फुटबॉलबद्दल मराठीत वाचायला तिला काही म्हणता काही मिळालं नव्हतं. ती भूक अजून गेली नव्हती. सात महिने खपून तिनं मजकूर लिहिला, चित्रं काढली, एकेक पान मांडलं. उजव्या हाताचं प्रत्येक पान तिनं अशा जागी तोडलं होतं, की वाचणाऱ्याला उलटल्याशिवाय राहवणार नाही.

प्रेसचे मालक अप्पा केळकर हो-ना करत एका अंकाला तयार झाले होते. हल्लीची मुलं वाचत नाहीत, तू नुसते मोठे फोटो टाक, असं त्यांनी तिला दहादा सांगितलं होतं. स्वतः त्यांनी अंकातलं एक अक्षर वाचलं नव्हतं. ते शाई बघत, कागद बघत. छापलेलं वाचत बसलो असतो तर चाळीस वर्षं प्रेस चालवली नसती, असं ते वर ऐटीत सांगत.

आज चुकलेले अंक बघून मात्र ते ओरडले नाहीत. ओरडले असते तर बरं वाटलं असतं.

“पुरे झालं हो, करुणा,” ते म्हणाले. “मुलं वाचणार नव्हतीच. उद्यापासून लेबलं घे.”

चूक तिची होती, त्यामुळे भांडायला तोंड नव्हतं. तिनं मान खाली घालून लेबलं घेतली. चुकलेल्या अंकांचे गठ्ठे रिवाजाप्रमाणे शाळेच्या मैदानाशी बसणाऱ्या रामा फुटाणेवाल्याकडे गेले. प्रेसचं जे जे बिघडे, त्याच्या रामा पुड्या करी. गावातल्या निम्म्या लग्नांची चुकलेली आमंत्रणं लोकांनी फुटाणे खाता खाता वाचली होती.

सहाव्या दिवशी रामाच प्रेसमध्ये आला.

कागद संपला, अजून तसलाच आहे का, असं विचारू लागला. अप्पांचा विश्वास बसेना. एवढ्या कागदात त्याचे दोन महिने सहज निघत. मग रामानं आपलं गाऱ्हाणं गायलं. पोरं पुडी घेतात, उलगडून बघतात आणि घरात असलेलंच पान निघालं की तिथल्या तिथं दुसरी मागतात. फुटाणे खिशात कोंबतात नाहीतर कावळ्यांना घालतात. धंदा वाढला, पण माझ्या फुटाण्यांची किंमत राहिली नाही, म्हणाला. त्याला खरंच वाईट वाटलेलं दिसत होतं.

अप्पांनी चपला घातल्या. करुणा मागोमाग निघाली.

मैदानाच्या पायऱ्यांवर दहाबारा मुलं पालथी पडली होती. पुढ्यात तेलकट, चुरगळलेली पानं मांडलेली, वाऱ्यानं उडू नयेत म्हणून प्रत्येकावर जांभ्या दगडाचा तुकडा. एक, दोन, तीन. मुलांनी पानं क्रमानं लावली होती, तिनं लावायला हवी होती तशी. एक मुलगी मोठ्यानं वाचत होती. सातव्या पानाच्या तळाशी येऊन ती थांबली, कारण पुढची जागा रिकामी होती.

ती ईशा. आठवं पान कुणाकडे नाही का, असं करुणानं तिला विचारलं.

“पुष्कळांना मिळालं,” ईशा म्हणाली. “पण ज्याला मिळतं तो घरी घेऊन जातो. सांगत पण नाही काय झालं ते.”

सातव्याच्या पाठीवर आठवं नीट छापलं असतं, तर ही पोरं अशी शोधत फिरली असती का? करुणाची चूकच तिच्या बाजूनं उभी राहिली होती. तिला त्या पायऱ्यांवर उभं राहून शिट्टी वाजवावीशी वाटली.

सवयीनं अप्पांनी रामाकडून एक पुडी घेतली, शेवटच्या चारपाच उरल्या होत्या त्यातली. फुटाणे तळहातावर ओतले आणि कागद फेकायला म्हणून हात उचलला. तो तसाच राहिला. मग ते हळूच पायरीवर टेकले, कागद मांडीवर ठेवून हातानं सपाट केला, खिशातून चष्मा काढला.

“करुणा,” ते मान वर न करता म्हणाले, “लेबलं थांबव. सोमवारी ‘शिट्टी’ मशीनवर घे.”

ईशाचं लक्ष त्यांच्या मांडीवरच्या कागदाकडे गेलं. ती जवळ आली.

“आजोबा, तुमच्या पुडीला आठवं पान आलंय काय?”

अप्पांनी कागद थोडा आपल्याकडे ओढून घेतला.

“आलंय. पण थांब जरा. तिनं पेनल्टी अडवली की नाही, ते आधी मला कळू दे.”