आज फक्त सभासद

लामिन आणि आस्गर डेन्मार्कमध्ये वाढलेली, एकाच आईची मुलं. लामिनचे वडील आफ्रिकेतल्या गांबियाचे, आस्गरचे डेन्मार्कचेच. आस्गरच्या वाढदिवसाला दोघे क्लबमध्ये गेले. दारावरच्या बाउन्सरने आस्गरला आत सोडलं आणि लामिनच्या छातीवर पंजा ठेवला. “आज फक्त सभासद.” “त्याला नाही विचारलंत? रंगावरून अडवणं गुन्हा आहे. नाव सांगा, मी तक्रार करणार,” लामिन शांतपणे म्हणाला. “हा माझा सख्खा दादा,” परतलेला आस्गर म्हणाला. बाउन्सर हसला. “आईला नीट विचारून ये.” आस्गरच्या ठोशाने त्याचं नाक फुटलं. पोलिसांनी येऊन लामिनला फरशीवर पालथं पाडलं, बेड्या घातल्या. “मी मारलं,” म्हणत आस्गरने रक्ताळलेली मूठ पुढे केली. पोलिसाने बेड्या न घालता त्या मुठीला पट्टी बांधली. तेव्हा आस्गरने त्यालाच ठोसा लगावला. मग दोघांना एकाच गाडीत कोंबलं. लामिन म्हणाला, “वेड्या, कायदा माझ्या बाजूने होता रे.”